कुलपाबाहेरचे सोमाजीभाऊ

सोमाजीभाऊ गेल्याचं मला आमच्या फिरणाऱ्यांच्या मंडळाच्या ग्रुपवर कळलं. सकाळी फोन उघडला तर सूर्यफुलांच्या 'सुप्रभात'खाली त्यांचा फोटो, भोवती छापील फुलं, 'मंडळाचे आधारस्तंभ हरपले' हे वाक्य आणि खाली मंडळाचं नाव, भाऊंच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. घाईघाईत कोणीतरी त्यालाही अंगठा दिला होता. आधारस्तंभ! गेल्या उन्हाळ्यात याच माणसाला याच ग्रुपवरून काढून टाकलं होतं. मला हे ठाऊक होतं, ग्रुपवर असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि मी काय केलं? जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि चहा गार होऊ नये म्हणून पटकन पिऊन टाकला. त्या चहाची मला अजून चीड येते.

भाऊ लाल बसमध्ये कंडक्टर होते. चंद्रपूर-सिरोंचा मार्गावर त्यांची उमर गेली. मी आलापल्लीकडच्या एका शाळेत नवा मास्तर होतो, दर शनिवारी घरी यायचो. त्या बसला अशी गर्दी असायची की गाडी थांबायच्या आत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत. मीही शिकलो ते. पहिल्याच खेपेला रुमाल टाकून, धक्के खात आत चढलो, तर माझ्या जागेवर तान्हं लेकरू घेतलेली एक बाई बसलेली आणि शेजारी कंडक्टर माझा रुमाल घडी करून उभा.

"गुरुजी, हा तुमचाच न? सांभाळा. नाकाले लागते, शीटवर काही कामाचा नाई."

अख्खी बस हसली. मी चंद्रपूरपर्यंत उभा आलो, रागाने लाल होऊन. मुलचेऱ्याच्या फाट्याजवळ त्यांनी मला स्वतःची जागा देऊ केली तर मी मान फिरवली. पुढच्या शनिवारी मात्र त्यांनी लांबूनच विचारलं, "काऊन गुरुजी, आज रुमाल घरी राह्यला का?" आणि आमची दोस्ती झाली ती झालीच.

ते निवृत्त झाले तोवर मीही बदली होऊन शहरात आलो होतो. जुन्या परकोटाच्या, म्हणजे किल्ल्याच्या तटाच्या, आतल्या आमच्या वस्तीत एक लहानसा बगीचा आहे. बगीचा म्हणजे काय, चार कडुनिंब, एक जुना थोराड शिरीष, काही सिमेंटचे बाक, एक नळ. बाहेर तर्री-पोह्याचा ठेला, औषधांची दुकानं, झेरॉक्सवाले, आणि जवळच मोठा सरकारी दवाखाना. आम्ही पहाटे तिथे फिरायचो. भाऊ मात्र दुपारी जायचे. चंद्रपूरच्या मे महिन्यातली दुपार ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळणार नाही. डांबर चपलेला धरून ठेवतं, कोळशाची बारीक धूळ घामावर बसते. त्या वेळी शिरीषाखाली गडचिरोलीकडून आलेली माणसं असत. कोणाची सून बाळंतपणाला भरती, कोणाच्या बापाचं ऑपरेशन. आत एकालाच थांबू देतात, बाकीच्यांनी जायचं कुठे? ती शिदोरी सोडून सावलीत बसत. भाऊ त्यांच्याशी गोंडीत बोलत, सिरोंच्याकडचा कोणी असला की मोडक्या तेलुगूत. गाव विचारत, मग त्या गावाच्या बसची वेळ, आणि "घाबरू नका, जागा भेटते" हे वर.

एकदा मी सुट्टीच्या दिवशी दुपारी गेलो, तर एका म्हाताऱ्याने त्यांना मोहफुलांचा लाडू दिलेला, त्यातला अर्धा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "खा गुरुजी. याचा नातू झाला आत्ताच. तुम्ही इथी सकाळी येता, तुमाले हे काई दिसत नाई." टोमणा होता की नुसती माहिती, मला तेव्हा कळलं नाही.

मग बगीच्याची देखभाल आमच्या मंडळाकडे आली. आम्ही रंग दिला, हिरवळ लावली, आणि एका रविवारी ठराव मांडला की सकाळी दहा ते संध्याकाळी पाच दरवाजाला कुलूप. कारण काय, तर बाहेरचे लोक जेवतात, नळावर हात-तोंड धुतात, हिरवळीवर झोपतात. भाऊ आमचे सभासद होते, उभे राहिले.

"बाहेरचे म्हणजे कुठले जी, अध्यक्ष?"

"भाऊ, तुम्हाला माहीत आहे मी काय म्हणतो ते."

"मले माहीत हाय, म्हनून त इचारून राह्यलो. ज्याले घरी कूलर हाय त्याच्यासाठी बगीचा दहापर्यंत उघडा, आन ज्याच्या डोक्यावर काईच नाई त्याच्यासाठी भर दुपारी बंद. असं लिहा न मंग ठरावात."

कोणी हसलं. मतदान झालं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी चप्पल नीट करायला खाली वाकलो. विरोधात एकच हात वर होता.

त्यानंतर भाऊ दुपारी बाहेर, कुंपणाच्या भिंतीच्या टीचभर सावलीत त्या लोकांसोबत बसू लागले. कुलपाचे फोटो ग्रुपवर टाकू लागले, म्हणून त्यांना ग्रुपवरून काढलं. मी एकदा म्हणालो, "भाऊ, उन्हाचं घरी बसा, तब्येत बघा." ते म्हणाले, "बसतो न. तुम्ही चाला, गुरुजी. तुमचे राऊंड राहून जातीन." होळीनंतर ते घरीच, झोपेत गेले. ऊन लागून गेले असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण ऊन लागून गेले की नुसते गेले, एवढ्या भेदासाठी माझा राग थांबत नाही.

आता मंडळाला त्यांच्या नावाचा संगमरवरी बाक हवा होता. शिरीषाखाली, कुलपाच्या आत. मजकूर लिहायचं आणि घरच्यांची संमती आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मराठीचा मास्तर आणि भाऊंचा मित्र. मी लिहिलाही. त्यांच्या पत्नी ताराबाई ओसरीवर चिंच फोडत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "वाचा जी."

मी वाचलं, "सर्वांना आपलंसं करणारे, सर्वांचे लाडके..."

"सर्व म्हंजे कोन कोन?"

मी कागद दुमडला.

"तुम्ही होते का त्या सर्वात, मीटिंगच्या दिवशी?"

"नव्हतो, वहिनी."

"मंग खोटं काऊन लिवता? तुमाले त पोरांच्या चुका काढाची सवय हाय." त्यांनी चिंचोके बाजूला सारले. "दरवाजाले कुलूप आन आतमंदी त्याचं नाव? जिता होता तवा बाहेर बसवला, आता मेल्यावर आत कोंडता का? नाव नको. कुलूप काढा म्हना. नाई काढत त त्या गोट्यावर स्वतःचं नाव टाका, लाज नाई त भीती कायची."

त्यांनी मला पाणी दिलं, चिंचही दिली बांधून. रागावल्या होत्या तरी दिली, हे मला जास्त लागलं.

शोकसभेत मी त्यांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, त्यांच्याच शब्दांत. अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, ही वेळ नव्हे." मग लगेच सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले. किती सोयीची शांतता असते ती! त्यानंतर पोहे आले. बाकाची ऑर्डर गेलेलीच होती, असं मला पोहे खाताना समजलं. बशी मी तशीच ठेवून दिली, पण त्याने कोणाचं काय बिघडलं?

बगीच्याची किल्ली आमच्यात आठवड्याच्या पाळीने फिरते. गेल्या सोमवारी ती माझ्याकडे आली. शाळेला सुट्ट्या आहेत. भर दुपारी गेलो, कुलूप काढलं, दरवाजा सताड उघडला. भिंतीशी बसलेल्या चार-पाच जणांनी नुसतं पाहिलं. कोणी उठेना. शेवटी एक बाई म्हणाली, "आत बसू देता का जी? मंग हाकलत त नाई?" एका बगीच्याच्या झाडाखाली बसायला माणसाला हे विचारावं लागतं, हे आम्ही केलं. मी. ती आली, मग बाकीचे आले. मला गोंडी येत नाही, बसच्या वेळा पाठ नाहीत. मी नुसता गाव विचारतो, आणि ते सांगतात. भाऊ काय बोलत असतील याचा अंदाज घेत मी त्यांच्या जागेवर बसतो... ती जागा मला मोठी होते.

या सोमवारी किल्ली पुढे द्यायची होती. दिली नाही. अध्यक्षांचे फोन येतात, मी उचलत नाही. ग्रुपवरून मलाही काढलं आहे, म्हणून इथे लिहितो, मंडळातली मंडळी पेपरची ही पुरवणी वाचतात हे मला माहीत आहे. किल्ली माझ्या खिशात आहे. ज्यांना ती परत हवी असेल त्यांनी दुपारी यावं, ऐन उन्हात, आणि तिथे बसलेल्या लोकांना स्वतःच्या तोंडाने उठा म्हणावं. मग देईन.