फिट असलेला नवरा मुलगा

मला जन्मात कधी फिट आलेली नाही. धसईत मात्र हे अजून कोणाला पटत नाही.

सगळा घोळ माझ्या इंग्रजीने केला. गोष्ट पंच्याण्णव-शहाण्णवची. कल्याणच्या हापिसात आमचे साहेब खूश झाले की म्हणायचे, "यू फिट द बिल!" म्हणजे, कामाला हवा तसाच माणूस. (यात बिलाचा काय संबंध, ते मला आजही माहीत नाही.) मी वाक्य पाठ केलं आणि शेणव्याहून आईला घेऊन धसईला मुलगी बघायला गेलो.

मुलगी, म्हणजे सुनंदा, दारातच दिसली आणि बघताक्षणी आवडली. आता हे स्थळ जमलंच पाहिजे म्हणून जीव टांगणीला लागला! आई आत बायकांत गेली आणि सुनंदाच्या वडिलांनी विचारलं, "आमची पोरगी तुमालाच का द्यावी?"

"कारण मामा, आय फिट द बिल!"

मामांचा चेहरा पडला. "फिट? कवापासनं?"

"पहिल्यापासून!"

"हापिसात ठाव हाय?"

"म्हणजे काय! साहेब तर रोज बोलून दाखवतात!"

मामांनी तिथेच बसलेल्या सुनंदाच्या मावशीकडे बघितलं. मावशी उठून दाराशी, चपलांजवळ जाऊन बसली. (मला वाटलं, वाऱ्याला बसली!)

तेवढ्यात सुनंदा चहा घेऊन आली. तिच्याकडे बघत घेतलेला घोट नको त्या नळीत गेला. ठसका लागला, डोळे फिरले, हातातली कपबशी खडखडायला लागली.

"आली रे, आली!" मावशी ओरडली. मामांनी माझे दोन्ही हात धरले आणि मावशीने नाकाला चप्पल लावली. माझीच! येताना शेणात पडलेली!

आरडाओरडा ऐकून आई बाहेर धावली. "पोरगा पसंत नाय तर नाय म्हना! चपला कशाला मारता?"

ठसका थांबल्यावर मी अर्थ समजावला. मामांनी कपाळाला हात लावला. "मंग 'मी शोभतो' म्हनाचं ना रे, मराठीत!"

आई पिशवी उचलून निघालीच होती. मला रडू यायचंच बाकी होतं. तेव्हा सुनंदा म्हणाली, "बाबा, मला पसंत हाय. नाकाला चप्पल लावली तरी चिडला नाय."

काय बरं वाटलं म्हणून सांगू! (चिडायला श्वास कुठे शिल्लक होता?)

लग्नात सुनंदाच्या करवल्या माझ्या चपला लपवायला धावल्या, तर भर मांडवात मावशी गरजली, "ठेवा गो तिथंच! कवा लागतील सांगता येत नाय!"