तेरावी कुठे बसेल?

सुमन, जळगावजवळच्या असोद्याच्या अंगणात आपण दोघी बहिणी वाळत घातलेली बिबडी, ते ज्वारीचे पापड, राखत बसायचो, आठवतं? तू कावळे हाकलायचीस आणि मी ओलीच उचलून खायचे... त्यातली एक दुपार आज घरातल्या सगळ्यांना लिहून सांगते.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून सुट्टीला आले होते आणि आबांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, ठरवून टाकलं होतं की आता परत पाठवायचं नाही. दोंडाईच्याहून स्थळ आलं होतं.

त्या दुपारी गल्लीतल्या बाया बिबड्या घालायला जमल्या होत्या. आबा ओट्यावरून म्हणाले, "त्या मदरांनी काय शिकवलं गं? इथे बसून जळगावात काय चाललंय ते सांगता येतं का?"

मी हट्टाला पेटले. म्हटलं, जळगावचं नाही येत, पण या अंगणात तेरा बाया आहेत. त्यातल्या निदान दोघींचा जन्माचा महिना एकच आहे, आणि हे मी कुणालाही न विचारता सांगते.

सगळ्या हसल्या. "आम्हालाच ठाऊक नाही आमचा महिना, तुला गं कुठून कळला?" खरंच होतं ते... कुणी कापूस वेचताना जन्मलेली, कुणी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास.

मी सांगितलं, महिने बारा. बाराजणींना एकेक वेगळा महिना दिला, तरी तेरावी कुठे बसेल? तिला कुणाच्या तरी महिन्यात बसावंच लागेल.

मोठ्या आत्याला आम्ही अक्का म्हणायचो. ती धुळ्याकडे दिलेली, बोलणंही तिकडचंच झालेलं. पिठाचे हात तसेच ठेवून म्हणाली, "मी ते धोंडाना महिनामा जल्मेल शे. आते काय करशी?"

अधिक महिना... तो मी धरलाच नव्हता. अक्काच्या हिशेबात महिने तेरा झाले. आबा मिशीत हसत होते.

मग सुचलं. म्हटलं, महिने तेरा तर तेरा. मलाही मोजा, मी चौदावी.

"पण हे तपासायचं कसं?" आबा म्हणाले.

"तपासायची गरजच नाही, आबा."

मग अक्का आबांना म्हणाली, "मी तिले अडकाडं, पन ती अडकनी नही. शाळामा जाऊ द्या तिले."

आठवड्याभरात दोंडाईच्याला निरोप गेला, पोरगी अजून शिकते आहे.

महिने किती, हे बघून-ऐकून कळतं... तिथे मी चुकले होते. पण जागा कमी आणि माणसं जास्त असली की दोघांना एकत्र यावंच लागतं, हे बघून शिकावं लागत नाही. पुढे वर्षानुवर्षं मी गणित शिकवलं, ते या एका भरवशावर.

आज हे लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडे पोळ्या करणारी संगीता काल सांगत होती, मुलीची शाळा दहावीनंतर बंद. म्हणून मुलांनो, चारचौघांसमोर सांगून ठेवते. माझ्या पाटल्या दोन्ही सुनांना, एकेक. पुस्तकं ज्याला वाचायची त्याला. बँकेतली ठेव मात्र संगीताच्या मुलीला, कॉलेजसाठी, आणि तीही मी असतानाच.

ती शिकते का बघू, मग देऊ, असं कुणी म्हणायचं नाही. आधी द्या.