ओटीत गेलेला ठोकळा

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून शिरूर कासारकडच्या आमच्या वस्तीवर मला शास्त्रज्ञ समजतात. मायच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा डॉक्टरांचं बोलणं समजून घेऊन घरी सांगायचं काम माझ्याकडे आलं. मला त्यातलं अर्धंच कळायचं. देवावरचा विश्वासही तेव्हा तेवढाच होता, अर्धा.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, की सगळ्यांच्या कॅन्सरला आता एकच औषध देत नाहीत. आधी गाठीच्या पेशींत एक ठरावीक खूण आहे का ते बघतात. तिला बायोमार्कर म्हणतात. ती सापडली, म्हणजे तपासणी पॉझिटिव्ह आली, तर मायला रोजच्या गोळीवर भागेल. नाही सापडली तर सलाईनमधून केमो, आणि माय आधीच वाळून गेली होती. गाठीचा तुकडा मेणाच्या लहानशा ठोकळ्यात बसवून त्यांनी डबीत घालून दिला. तो आम्हीच पुण्याच्या लॅबमध्ये पोचवायचा होता. "जपून न्या, पुन्हा सुई घालणं त्यांना झेपायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर दादा, म्हणजे माझे वडील, मटकन बाकावर बसले. तपासणी निगेटिव्ह येऊ दे, असा नवस ते देवीला आधीच बोलून बसले होते. करोनापासून आमच्याकडे निगेटिव्ह म्हणजे चांगलं.

"तवाच कावून न्हाई सांगितलं?" ते माझ्यावर चिडले. "आता देवीनं निगेटिव्ह करून टाकलं असलं तर?"

"दादा, नवसानं पेशी बदलत नसतात."

"तू गप. गाडीला येळ हाय. आधी नवस दुरुस्त करू."

मायला घेऊन आम्ही देवीच्या देवळात गेलो, तर मंगळवार असल्यानं तिथं लई गर्दी होती. मायनं ओटी दिली, पुजाऱ्यांनी ती देवीला लावून प्रसाद म्हणून परत दिली, आणि मागच्या बायांनी आम्हाला ढकलत बाहेर काढलं. नवस बोलायचा राहिलाच. पायरीवर मी मायच्या पिशवीतली डबी सहज उघडली, तर ती रिकामी.

"ठोकळा खणात बांधलाय," माय शांतपणे म्हणाली. "माज्याच अंगातला तुकडा हाय. त्यानं बी देवीच्या पाया पडावं म्हनलं."

मी खण सोडला. नारळ, तांदूळ, सुपारी. ठोकळा नाही, आणि नारळ तर आम्ही दिलाच नव्हता. गर्दीत एकीची ओटी दुसरीच्या पदरात पडते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आजवर त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मी आत पळाले. पुजारी ओट्यांचा ढीग उपसू लागले आणि मी हात जोडून उभी राहिले. मंत्र कुठला येतोय मला! "बाई, तेवढा दे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय ओ पुजारी, नारळ दिला मी, आन मला साबनाची वडी देता व्हय?"

धर्मापुरीची एक म्हातारी होती. गाडी चुकली म्हणून तिनं स्टँडवरच खण सोडला होता आणि भांडायला तरातरा परत आली होती. "गाडी घावली असती तर घरी जाऊन ह्यानंच आंघोळ केली असती मी!"

मी रडत तिला सगळं सांगितलं. तिनं तळहातावरच्या ठोकळ्याकडे पाहिलं, मग मायकडे. "आगं बया! तुज्या अंगातलं व्हय हे?" तिनं तो मायच्या हातात ठेवला आणि तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "बरी व्हशील. पर असलं कुनाच्या ओटीत घालू नगंस बाई." आपला नारळ मात्र तिनं आठवणीनं मागून घेतला.

दादांनी मायला पुन्हा देवीपुढे उभं केलं. "बोल, पॉझिटिव्ह कर म्हनून."

मायनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि म्हणाली, "बाई, काय मागावं ते मला कळत न्हाई. माज्यात जे हाय, ते तपासनाऱ्याला नीट दिसू दे."

दादांना हे मागणं फारच कमी वाटलं. गाडीत ते पुण्यापर्यंत कुरकुरत होते. मी ठोकळ्याची डबी दोन्ही हातांत धरून बसले होते.

खूण सापडली. गोळी सुरू झाली, आणि मायचा खोकला उतरला. गोळी किती दिवस लागू पडेल, हे डॉक्टरही सांगत नाहीत. त्या म्हातारीची गाडी का चुकली, हेही मला सांगता येणार नाही; तिचे उपकार मात्र मी विसरणार नाही. पुढच्या महिन्यात स्कॅन आहे. भीती वाटतेच. पण आता देवीसमोर जाताना उत्तर मी घरून ठरवून नेत नाही.