वाटीचा आवाज

राइस मिलवरून जाताना जुन्या बारदान्याचा धुळकट वास आला की बालाघाटच्या घरातली माझी रियाजाची खोली आठवते. गाणं मला आईनंच शिकवलं. अर्धांगवायूनं तिची वाचा आणि उजवी बाजू गेली, तेव्हापासून ती शेजारच्या खोलीत पलंगावर असायची. मी गायला बसले की मध्येच ती डाव्या हातातला चमचा स्टीलच्या वाटीवर आपटायची. "तिले आवाजाचा तरास होऊन राह्यला," असं म्हणून बाबांनी दिवाळीआधी मिलमधून पोती आणली, त्यांत धानाचा भुसा भरून ती भिंतींना ठोकली आणि दाराला आतून जुनी गादी लावली. वाटीचा आवाज थांबला. तिला आराम पडला, असं आम्ही समजत राहिलो. उन्हाळ्यात बैहरहून मावशी आली. ती आईसोबतच गाणं शिकलेली, आजारपणाच्या सुरुवातीला पंधरा दिवस राहूनही गेली होती. "ताई आता काहून वाटी वाजवत नाही?" तिनं मला विचारलं. "पयले तू सुरात चुकली का वाजवे." बाबा उठून बाहेर गेले. मी ती गादी ओढून काढली, दार सताड उघडलं आणि मुद्दाम उतरलेला सूर लावला, एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. चमचा तिच्या हातात होता, वाटी उशाशी होती. ती छताकडे पाहत राहिली. आता मी अंगणात बसून गाते, सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जातं, आणि चुकले तरी कोणी काही म्हणत नाही.