आठ बांगड्या आणि विटांवरची मोटार

माझ्या हातातल्या दोन बांगड्या एकमेकींवर आपटल्या आणि माझ्या नवऱ्याचा श्वास थांबला.

आवाज केवढासा. घरात दिवसभर होतो, कोणाचं लक्षही जात नाही. पण ह्यांच्या कानावर तो गेला आणि अख्खं अंग ताठ झालं. डोकं मागे गेलं, पाठ कमानीसारखी वर उचलली गेली. खाटेला फक्त डोकं आणि टाचा टेकलेल्या. ओठ असे ताणले गेले की वाटावं, माणूस हसतोय. मग ते ओठ निळे झाले. मग नखं निळी झाली.

डॉक्टर धावत आले. "लॅरिंक्सला स्पाझम आलाय," म्हणाले. म्हणजे गळ्यातला श्वासाचा रस्ता आकडी येऊन बंद झाला. मला कोपऱ्यात सरकवलं आणि तिथेच, खाटेवरच, त्यांनी गळ्याला चीर दिली आणि आत नळी बसवली. ह्याला ट्रेकिऑस्टॉमी म्हणतात. वरून श्वास जात नसेल तर गळ्याला खाली भोक पाडून हवेला वाट करून द्यायची. नळीतून टायरमधली हवा सुटावी तसा आवाज आला, आणि छाती हलली.

तो इस्पितळातला चौथा दिवस होता. रोग टिटॅनस, म्हणजे धनुर्वात. पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट आहे. आज हा रोग फारसा दिसत नाही, पण जखमा होतातच. म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. जसं झालं तसं सांगते.

आम्ही अंधेरीला चाळीत राहायचो. मी, हे, सासूबाई आणि सुमन-कुंदा ह्या दोन मुली. हे फोर्टात एका कचेरीत टायपिस्ट होते. पहाटे उठून नळाचं पाणी हेच भरायचे, मला उठवायचे नाहीत. मुलींच्या वेण्या हेच घालायचे, कारण माझा हात जड, पोरी रडायच्या. संध्याकाळी कचेरीतून आले की आधी आईजवळ बसायचे, मग चहा. चाळीतल्या बायका म्हणायच्या, इंदूनं काय नशीब काढलंय. मी म्हणायचे, रविवारी येऊन बघा.

रविवारी हे आमचे नव्हते, मोटारीचे होते. चाळीमागे म्हशींचा तबेला होता. त्याच्या एका कोपऱ्यात पत्र्याखाली ह्यांनी एक जुनी विलायती मोटार आणून ठेवली होती. कापडी छप्पर, पितळेचे दिवे, पुढून हँडल मारून सुरू करायची. सुरू म्हणजे, व्हायची असती तर. चाकं काढलेली, चारी बाजूंनी विटांवर चढवलेली. ह्यांचा मित्र नाना टॅक्सी दुरुस्त करायचा, तो मदतीला यायचा. असल्या गाड्या पुन्हा होणार नाहीत, असं दोघं म्हणत. मी म्हणायचे, नको होऊ देत.

संध्याकाळी हे आम्हा सगळ्यांना त्या मोटारीत बसवायचे आणि कोकणात गावाला न्यायचे. जागच्या जागी. तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचे, चढाला वेगळा, उताराला वेगळा. "पनवेल आलं. कोणाला चहा?" मुली ओरडायच्या. सासूबाई मागच्या सीटवर पदर सावरून बसायच्या आणि खरंच विचारायच्या, "महाड इला काय रे?"

त्या वर्षी गणपतीच्या आधी जॅक सरकून ह्यांच्या पायाला लागलं. रक्त बघून मी म्हटलं, "पुन्हा ह्या गाडीपायी रक्त आलं तर भंगारवाल्याला बोलावीन. तुम्ही कचेरीत असताना." मी बोललेलं करते, हे त्यांना ठाऊक होतं. ते माझं वाक्य आम्हाला फार महागात पडलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मडगार्डच्या गंजलेल्या कडेनं ह्यांचा उजवा अंगठा बुंध्याशी फाटला. जखम खोल होती. ह्यांनी काय करावं? सगळे मेकॅनिक तेव्हा करायचे तेच केलं. पेट्रोलनं धुतलं, वर ग्रीस थापलं, चिंधी बांधली. पेट्रोलनं जंतू मरतात आणि ग्रीसनं रक्त थांबतं, असं नानाचं म्हणणं. तेही कुठे, तर तबेल्यात, शेणमातीत. घरी येताना चिंधी फेकली. पुढचे आठ दिवस डाव्या हातानं जेवले असते तर मी ओळखलं असतं. ते उजव्यानंच जेवले, वरण-भात कालवताना तोंड वाकडं न करता. कचेरीत मात्र टाइप करताना स्पेसची पट्टी डाव्या अंगठ्यानं दाबत होते, हे मला मागाहून कळलं.

नवव्या दिवशी म्हणाले, "दाढ दुखतेय बहुतेक, तोंड उघडत नाही." मी लवंग दिली. दहाव्या दिवशी पाण्याचा पेला दातांवर आपटू लागला, म्हणून स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लाकडी पट्टी जिभेवर ठेवायला आत सरकवली तर जबडा उलट आणखी घट्ट मिटला. डॉक्टरांचा चेहरा बदलला.

"कुठे लागलंय का, दहा-बारा दिवसांत?"

ह्यांनी मान हलवली, नाही.

"नीट आठवा. ही दाढ नाही. ह्याला लॉकजॉ म्हणतात. टिटॅनसची सुरुवात असते. जखम कुठे आहे ते कळायला हवं."

हे पुन्हा, नाही. पण बोलताना ह्यांनी उजवी मूठ मिटली, अंगठा आत घेऊन. पंधरा वर्षांचा संसार होता माझा. मी ती मूठ धरून उघडली. अंगठ्याच्या बुंध्याशी काळी रेघ, वरून सुकलेली, आत ग्रीस तसंच. दाबलं तर पू आला.

मी काही बोलायच्या आत हे दातांतूनच म्हणाले, "गाडी विकू नको."

"आधी जगा," मी म्हटलं. "मग बघते."

दातांच्या डॉक्टरांनीच आपल्या गाडीतून शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. हॉर्न वाजवायचा नाही म्हणून हळू चालवत होते. माहीमजवळ ह्यांनी मला खूण केली. मला वाटलं, काही शेवटचं सांगायचंय. कान जवळ नेला. दात आवळून म्हणाले, "डॉक्टरांना सांग, क्लच घसरतोय." मी सांगितलं.  डॉक्टर म्हणाले, "ह्यांचं डोकं शाबूत आहे, बाई. ह्या रोगात ते शेवटपर्यंत शाबूत राहतं. तेच वाईट आहे."

इस्पितळात जखम उघडून, ग्रीस काढून साफ केली. मग सीरम दिलं. सीरम म्हणजे विषावरचा उतारा, तो घोड्याच्या रक्तातून काढतात. म्हणून आधी थोडंसं कातडीखाली टोचून बघतात, अंगाला सोसतं का. सोसलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "जे विष नसांत शिरलंय त्यावर ह्याचा उपयोग नाही. ते उतरेपर्यंत ह्यांना जिवंत ठेवायचं, एवढंच आपल्या हातात आहे. पहिले दहा दिवस काढले तर आशा धरा."

खोली अंधारी. खिडक्यांना काळे पडदे. चार खाटा. भांडुपचा एक सुतार, पायात खिळा गेलेला. ट्रॉम्बेकडचा एक कोळी, त्याच्या तळव्यात माशाचा काटा मोडलेला. वसईचा एक म्हातारा माळी. आणि हे. ह्या रोगात उजेड, आवाज, धक्का, काहीही चालत नाही. दार वाजलं तरी आकडी येते. प्रत्येक आकडीत माणूस शुद्धीवर असतो आणि ओरडू शकत नाही.

सिस्टर वसईची होती, चपला काढून पायमोज्यांवर चालायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "बाई, तू बसशील तर बस. पण आवाज नाय पायजे. शिंक आली तर बाहेर पळ." माझ्या हातातल्या बांगड्या बघितल्या. दोन्ही हातांत चार-चार, हिरव्या काचेच्या. "ह्या काढ."

बाहेर बाकावर सासूबाई होत्या. त्यांनी ऐकलं आणि आडव्या आल्या. "घोव जितो आसताना काकणां काढूची नाय. अभद्र तां." सिस्टर वाद घालत बसली नाही. तिनं बँडेज आणलं आणि बांगड्यांवरून दोन्ही मनगटं गुंडाळून टाकली. तीन दिवस मी तशीच बसले. ह्यांच्या ओठांवर ओला कापूस फिरवायचा, घाम टिपायचा, आकडी आली की सिस्टरला खूण करायची. नाकातून पोटात रबरी नळी घातली होती, दूध आणि झोपेचं औषध त्यातूनच.

चौथ्या दिवशी दुपारी कापूस पिळताना बँडेज भिजलं. ओलं बँडेज ह्यांच्या अंगाला लागेल म्हणून मी उजव्या हाताचं सोडलं. दुसरं मागायला उठणार होते. उठताना हात खाली आला.

पुढचं सांगितलंच आहे.

गळ्यात नळी बसल्यावर मी बाहेर नळावर गेले. साबण लावला आणि आठही बांगड्या एकेक करून काढल्या. घट्ट होत्या, हाताची सालटी निघाली. फोडल्या असत्या तर आवाज झाला असता. सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या.

"काय केलंस गो ह्यां? लोक काय म्हणतले?"

"लोक म्हणू देत. तुमचा मुलगा ह्या आवाजानं जात होता." बांगड्या त्यांच्या हातात दिल्या. "ह्या सांभाळा."

त्यांनी त्या पदरात बांधल्या आणि तोंड फिरवून बाकावर बसल्या. 

पाचव्या दिवशी सुतार गेला. माझ्यासमोर गेला. मी ह्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून ह्यांना कळू नये. सहाव्या दिवशी सिस्टर म्हणाली, "घरी जाऊन आंघोळ कर, तुझा वास येतो." सकाळची वेळ होती. सासूबाईंना घेऊन मी अंधेरीला आले.

चाळीच्या जिन्यात शेजारच्या मालतीनं माझे मोकळे हात बघितले. तिनं छातीवर हात मारून गळाच काढला. दोन मिनिटांत सगळी चाळ बाहेर. कोणी पाणी तापवायला धावलं, कोणी माझ्या कपाळावरचं कुंकू पुसायला पदर पुढे केला. सुमन आणि कुंदा एकमेकींना धरून दारात उभ्या होत्या. मी सांगत होते की हे आहेत, पण रडण्यात कोणाला ऐकू जाईना. आणि माझा आवाजही बसलेला. सहा दिवस कुजबुजत होते.

तेव्हा सासूबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर चढल्या. पदराची गाठ सोडली आणि आठ बांगड्या वर धरून वाजवल्या.

"गप ऱ्हवा सगळी. माझो झील जितो आसा. ह्या काकणांचो आवाज त्याका सोसना नाय, म्हणान तिना काढल्यान. मीच सांगितलंय काढूक."

तसं त्यांनी सांगितलं नव्हतं. 

मालती डोळे पुसत म्हणाली, "मग आधी नाही का सांगायचं गं?"

"तू बोलू दिलंस का?" मी बसक्या आवाजात म्हटलं. "जा, मुलींसाठी भात टाक."

सात, आठ, नऊ. कोळी आठव्या दिवशी गेला. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी ह्यांचा पाय हलवून बघितला आणि आकडी आली नाही. तरी म्हणाले, "अजून कोणाला बोलू नका." मी कोणाला बोलणार होते? पंधराव्या दिवशी पडदा वीतभर उघडला. विसाव्या दिवशी गळ्यातली नळी काढली. जबडा शेवटी सुटला. एक बोट आत जाईल एवढा, मग दोन.

ह्यांचा पहिला शब्द घोगरा निघाला. "गाडी?"

"विटांवर आहे," मी सांगितलं.

भंगारवाला येऊन गेला होता, नानानंच पाठवला होता. अंगठ्याची गोष्ट मला कळल्यापासून नाना तोंड दाखवत नव्हता. मी भंगारवाल्याला परत पाठवलं. दहा दिवस त्या अंधारात बसून माझ्या एक लक्षात आलं होतं. गाडीनं ह्यांचा अंगठा फाडला. तो लपवायला मी लावला. त्याच दिवशी दाखवला असता तर जखम साफ झाली असती, सुई मिळाली असती. म्हणून घरी आल्यावर मी नियम बदलला. रक्त आलं की मला दाखवायचं. गाडी राहील.

आकड्यांनी पाठ इतकी आखडली होती की घरी आल्यावर महिनाभर भिंत धरून चालत होते. पहिल्या रविवारी मुलींनी त्यांना तबेल्यात नेऊन मोटारीत बसवलं. ह्यांनी तोंडानं इंजिनाचा आवाज काढला. गळ्यातल्या जखमेमुळे तो इतका खरा आला की म्हशी उठून उभ्या राहिल्या. सासूबाईंनी त्याच दिवशी मला मागच्या सीटवर बसवून आठही बांगड्या परत चढवल्या. साबण त्यांनीच आणला होता.

दीड वर्षानं ती मोटार खरंच चालली. गोरेगावपर्यंत. परत ढकलत आणली.

तुमच्या घरात कोणी हत्यारांत, लोखंडात, शेतात काम करत असेल तर दोन गोष्टी करा. जखमेवर ग्रीस, शेण, राख, काही भरू देऊ नका. साबण-पाण्यानं धुऊन डॉक्टरकडे न्या, टिटॅनसची सुई घ्या. आणि घरातला माणूस जखम लपवेल इतका धाक त्याला दाखवू नका.

हे त्यानंतर एकतीस वर्षं जगले. दोन्ही मुलींची लग्नं केली, नातवंडांच्या वेण्या घातल्या, आणखी दोन जुन्या मोटारी चालत्या केल्या. एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. बायका माझे हात धरायला आल्या तेव्हा मी मागे घेतले. बांगड्या मी एकदा काढल्या होत्या, हे जगावेत म्हणून. आता काढायला कारण नव्हतं. त्या अजून हातात आहेत.

इस्पितळातल्या त्या खोलीत चार माणसं होती. भांडुपचा सुतार गेला, ट्रॉम्बेचा कोळी गेला. वसईचा म्हातारा माळी आणि माझा नवरा, दोघे वाचले.