सात नंबरच्या नावेतली माणसं

समजा, तळ्यावरच्या लाकडी धक्क्यावर तुम्ही उभे आहात आणि एक नाव परत येतेय. एका पायाने तिचं टोक दाबून धरायचं, दोराचा वेढा खुंटाला मारायचा, ओली वल्ही वर ओढायची, रडणाऱ्या पोराला काखेत धरून उतरवायचं, त्याच्या आजीला हात द्यायचा, मासे मिळाले का म्हणून हसून विचारायचं. आणि हे सगळं चालू असताना उतरणारी माणसं मोजायची. सोपं वाटतं? दिवसातून चाळीस वेळा करून बघा.

मामी हे बावीस वर्षं करताहेत. त्या नक्की कुणाच्या मामी, हे आता त्यांनाही सांगावं लागतं आठवून. कुठला तरी भाचा एकदा मित्रांना घेऊन आला, ते सगळे मामी मामी करत गेले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्याकडे अकरा नावा आहेत. त्यांचे धाकटे दीर शेजारच्या गवतावर तंबू भाड्याने देतात आणि तिथल्या टपरीत बसून दिवसभर वहिनींशी भांडतात.

तळं डोंगरात खोल बसलेलं. तीन बाजूंना उभे कडे, पलीकडच्या टोकाला खिंड. दुपारी तीनच्या पुढे त्या खिंडीतून वारा उतरतो. आधी तंबूंचे ताणलेले दोर घुमायला लागतात, मग पाण्यावर काळे पट्टे धावतात. दोर घुमले की मामी लाल निशाण चढवतात. त्यानंतर नाव सुटत नाही. कुणी कितीही मोठा असो, "उद्या या" हे उत्तर ठरलेलं.

त्यांची दुसरी शिस्त पाटीची. शेडच्या भिंतीवर काळी पाटी, तिच्यावर नावांचे नंबर. जितकी माणसं बसली तितक्या उभ्या रेघा. माणूस धक्क्यावर उतरला की एक रेघ बोटाने पुसायची. पाटीच्या खाली प्रत्येक नंबराचे चार खिळे, तरंगती जाकिटं अडकवायला.

एके दिवशी मामी आपल्या एकुलत्या एका मोटरबोटीचं इंजिन उघडून बसल्या होत्या. कार्बोरेटरचे भाग फडक्यावर ओळीने मांडलेले, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. सात नंबरची नाव आली तेव्हा त्या तशाच उठल्या. कोपराने नाव अडवली, दोर लावला. जाकिटं घेतली, सातच्या खिळ्यांना अडकवली. चारही खिळे भरले. काळ्या बोटांनी पाटी बरबटेल म्हणून त्यांनी एकेक रेघ न पुसता फडक्याच्या एका फटकाऱ्यात चारही पुसून टाकल्या आणि इंजिनाकडे वळल्या.

निशाण चढवून अर्धा तास झाला असेल. सात नंबरच्या बाई शाल गुंडाळून शेडच्या दारात आल्या. मागे त्यांच्या दोन मुली.

"पलीकडून चालत यायला किती वेळ लागतो हो?"

"कोण येतंय चालत?" मामींनी मान वर केली नाही.

"आमचे हे. ओढ्याच्या तोंडाशी गळ टाकून बसले होते. आम्हाला म्हणाले, तुम्ही नाव घेऊन व्हा पुढे, मी काठाकाठाने चालत येतो. तेवढाच ट्रेक होईल म्हणाले."

मामींच्या हातातला पाना खाली आला.

"जाकीट?"

"ते गळ टाकताना अडतं म्हणून काढलं त्यांनी. आणलं की आम्ही परत. चारही आणली."

काठाची पायवाट गेल्या महिन्यात दरड कोसळून तुटली होती. मामींनी स्वतः रंगवून 'वाट बंद' अशी फळी ठोकली होती, पण अलीकडच्या तोंडाशी. पलीकडून कोण चढणार, असं त्या तेव्हा दिरांना म्हणाल्या होत्या. दरडीच्या खाली पाणी सरळ खोल जातं.

दीर टपरीतून धावत आले. "वहिनी, तुम्ही माणसं नाही मोजलीत?"

"मोजली. चार उतरली."

"अहो, चौथं कोण उतरलं मग?"

मामी उठल्या. इंजिन जोडायला तास लागला असता, आणि तासाभराने सूर्य कड्यामागे जाणार होता. दोन तासांवरच्या गावाला फोन करून काय उपयोग? त्यांनी सातच्या खिळ्यावरचं एक जाकीट काढलं, लांब दोर खांद्यावर टाकला आणि सर्वांत रुंद नाव सोडली.

"निशाण वर आहे," दीर म्हणाले.

"दिसतंय मला. मागे बसा आणि दिशा सांगा."

वल्हवणाऱ्याचं तोंड नेहमी मागे असतं. जायचं ते दिसत नाही, सोडून आलो ते दिसत राहतं. त्यामुळे सगळा वेळ मामींच्या डोळ्यांसमोर धक्का होता आणि धक्क्यावर ती बाई. दोन्ही मुलींच्या खांद्यांवर तिचे हात. लहान होत होत ती बोटाएवढी झाली, तरी जागची हलली नाही.

वारा समोरून होता. प्रत्येक लाटेवर नावेचं नाक उचलायचं आणि थाडकन आपटायचं. दीर एका हाताने पत्र्याच्या डब्याने पाणी उपसत होते.

"डावं दाबा! डावं, डावं! अहो वहिनी, माझं डावं!"

"तुमचं डावं आयुष्यात कधी बरोबर होतं का?"

"बावीस वर्षांत एक माणूस नाही बुडवला म्हणून गावभर मिरवत होतात. आज तिघं एकदम बुडवणार."

"बोलणं कमी, उपसणं जास्त."

पुढे दोघांनाही बोलायला दम उरला नाही. ओढ्याच्या तोंडाशी पोचायला पाऊण तास लागला. तिथे गळाची काठी दगडाला टेकवलेली, माशांची पिशवी नीट बांधून ठेवलेली. माणूस नव्हता.

मामींनी हाक मारली. वाऱ्याने ती परत तोंडात कोंबली. दुसरी हाक. मग दिरांनी नुसतं बोट दाखवलं.

दरडीच्या बरोबर मध्ये, पाण्यापासून दोन मजले वर, पिवळा शर्ट. बाईंचे यजमान, सकाळी नाव घेताना 'शाळेत चित्रकला शिकवतो' म्हणालेले मास्तर, पोटावर पालथे पडले होते, दोन्ही हात मातीत रुतवलेले. एक पाय आधार शोधत होता. पाय हलला की खालून दगड सुटायचे, डोक्याएवढे, आणि पाण्यात धबाधब पडायचे. नाव खाली नेली असती तर पहिल्याच दगडाने फुटली असती.

"मास्तर! पाय हलवू नका!"

"कोण आहे?"

"नाववाली! हलू नका!"

"मला पोहता येत नाही हो!"

"मग पडूच नका!" मामी ओरडल्या.

डावीकडे, मास्तरांपासून चार हातांवर, खडकाची एक धार पाण्यापर्यंत उतरली होती. तिच्या पलीकडे दगड पडत नव्हते. मामींनी नाव तिथे आणली, जाकीट दोराच्या टोकाला बांधलं आणि उभ्या राहून फेकलं. वाऱ्याने ते अर्ध्यात पाडलं. ओढून घेतलं, पुन्हा फेकलं. मास्तरांच्या कोपरापाशी पडलं, ते पकडायला मास्तर वळले आणि सगळा उतारच हातभर खाली सरकला. दिरांनी डोळे मिटून घेतले.

तिसऱ्यांदा मामींनी जाकिटात नावेतला एक दगड कोंबला. ते जाऊन मास्तरांच्या पाठीवर आदळलं.

"घाला! एकेक हात! घाई नको!"

एक हात आत गेला. दुसरा मातीतून सुटेना, म्हणजे मास्तर सोडीनात.

"मास्तर, वर्गात मुलं किती?"

"काय?"

"वर्गात! मुलं किती?"

"अठ्ठेचाळीस!"

"आणि त्यातलं एक झाडावर असं चिकटून बसलं तर काय म्हणाल त्याला?"

मग मास्तरांनी हात सोडला, जाकिटात घातला, पट्टा ओढला. दोर बगलेखालून बांधला, कसा ते देव जाणे.

"आता बसा. टाचा पुढे. माझ्याकडे या, खडकाकडे. पाण्याकडे बघू नका, माझं तोंड बघा. वाईट असलं तरी बघा."

ते बसले. एक टाच, दुसरी टाच. दोन हातांचं अंतर उरलं तेव्हा त्यांच्याखालचा सगळा भाग गडगडत निघाला. मास्तर, माती, दगड, सगळं एकदम पाण्यात गेलं. दोर मामींच्या तळहातांतून सर्रकन धावला आणि कातडी घेऊन गेला. त्यांनी तो सोडला नाही. जाकीट वर आलं. त्यात मास्तर होते, खोकत होते.

बाजूने ओढलं असतं तर नाव कलंडली असती. त्यांना मागच्या टोकाकडून घेतलं, दिरांनी कमरेच्या पट्ट्याला धरून आत खेचलं आणि दोघं एकमेकांवर कोसळले.

येताना वारा पाठीशी होता आणि ते जास्त वाईट होतं. मागून येणारी लाट नाव आडवी करू बघायची. मामींनी मागे दोराने बादली बांधून सोडली, तिच्या ओढीने नाव सरळ राहिली. रक्ताने वल्ही निसटत होती. मास्तर थडथडत एकच विचारत होते, "माझ्या मुली पोचल्या ना?"

धक्क्यावर बाईंनी नवऱ्याला आधी दोन चापट्या मारल्या आणि मग घट्ट धरलं. मामींना त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं हो." आवाजात राग नव्हता.

आता पलीकडच्या तोंडाशीही फळी आहे. हात कितीही काळे असोत, रेघ एकेकच पुसली जाते. तेवढं झालं. पण मामींची झोप त्याने परत आली नाही. पर्यटकांत कुणी डॉक्टर निघाला, की त्या त्याला वल्ही देता देता थांबवतात. "वहिनींचं आपलं सुरू झालं," दीर टपरीतून म्हणतात. मामी तिकडे लक्ष देत नाहीत.

"एक सांगा. मी त्या दिवशी नुसती जाकिटं नाही मोजली. मी माणसं पाहिली. बाई उतरल्या, दोन मुली उतरल्या, आणि त्यांच्या मागून मास्तर उतरले. पिवळा शर्ट. आजही डोळे मिटले की उतरताना दिसतात. ते तेव्हा तळ्याच्या पलीकडे होते, हे मला कळतं. मग जो माणूस नावेत नव्हताच, तो मला दिसला कसा?"