वाकोल्यातलं आरक्षण

चहा घ्या आधी. मी आयुष्यात खूप माती खाल्लीय, पण ही सगळ्यात मोठी. ऐकताना तुम्ही हसाल, हसून झाल्यावर जरा गप्प व्हाल. माझं तरी दर वेळी तसंच होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गिरण्यांचा संप नुकताच मोडला होता. मी उपनगरांचा विकास आराखडा करणाऱ्या एका कचेरीत नकाशे काढायचो. वय पंचवीस आणि डोक्यात एकच भूत. प्रत्येक वस्तीला शाळा हवी, दवाखाना हवा, मैदान हवं, आणि तेही चालत जाता येईल इतकं जवळ. श्रीमंताला एक आणि गरिबाला एक असं नको. आमचे वरिष्ठ याला ‘समतोल विकास’ म्हणायचे. मला तो शब्द देवाच्या नावासारखा वाटायचा. हसा, हसा.

तर सर्वेक्षणासाठी मला वाकोल्यात धाडलं. नाल्याकाठची साठेक घरं, पत्र्याची. दोन महिने दारोदार फिरून कुठे काय आहे ते मी कागदावर उतरवत होतो. तिथे तात्या भेटले. मालवणकडचे, जन्म गिरणीत गेलेला, संपानंतर नाक्यावर बसून कुलपांच्या चाव्या करायचे. मला उन्हात पाहिलं की घरात ओढून न्यायचे. शेजारी वच्छलाबाई. सोलापूरकडच्या, इस्पितळात आया होत्या. आठवड्यातून दोनदा तरी मी त्यांच्याकडे भाकरी खाल्ली असेल. दोन महिन्यांत मी त्या वस्तीचा जावईच झालो म्हणा ना.

पुढे आराखड्याचा मसुदा लोकांसाठी खुला झाला. बघतो तर काय, त्या नाल्याकाठच्या जागेवर शाळा आणि मैदान! मला आनंद आवरेना. आमच्या वस्तीला शाळा मिळाली की हो! तिथल्या लोकांच्या राहण्याची सोय जवळपासच केली जाईल, असं अहवालात एक वाक्य होतं. त्या एका वाक्यावर मी विश्वास ठेवून बसलो होतो.

संध्याकाळी धावत वाकोल्याला गेलो आणि तात्यांच्या दारात उभा राहून सांगितलं, “तात्या, तुमच्या जागेवर आरक्षण पडलंय!”

आता आमच्या धंद्यात आरक्षण म्हणजे काय, तर ती जागा सरकारी कामासाठी राखून ठेवणं. म्हणजे आज ना उद्या तिथली घरं उठणार. मला वाटलं, हे सगळ्या जगाला ठाऊक असतं.

तात्यांना मात्र एसटीचं आरक्षण ठाऊक होतं. तिकिटावर नंबर आला की ती सीट आपली, मग कुणाचा बाप उठवू शकत नाही. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. बघता बघता माणसं जमली. जागा राखीव झाली, आता कुणी हलवणार नाही, असं तात्या प्रत्येकाला सांगत होते, आणि त्या गलक्यात मला वाटत होतं, शाळेसाठी किती हे प्रेम!

एकट्या वच्छलाबाईंनी विचारलं, “साहेब, शाळा बांधणार म्हणता, पण जागा कुठली घेणार?”

मी ऐटीत म्हणालो, “ते सगळं नकाशात बसवलंय, बाई.”

त्या घरात वळल्या. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर काय करणार?

पंधरवड्याने रविवारी वस्तीत सत्यनारायण घातला आणि मला पाटावर बसवलं. मी भाषणही ठोकलं. प्रसाद खाऊन उठलो तर समोर विटांचा ढीग. वच्छलाबाईंच्या घराची एक भिंत पक्की झालेली, दुसरी अर्ध्यावर. पलीकडे आणखी चार घरांचं काम चाललेलं. मी विचारलं, हे काय? तात्या म्हणाले, “जागा आपली झाली मा? मग पत्रे कित्याक ठेवूचे?”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

आराखड्यावर हरकती द्यायची मुदत गुरुवारपर्यंत होती. साधा कागद, त्यावर सह्या आणि अंगठे, एवढंच लागत होतं. तेवढ्याने घरं वाचलीच असती असं नाही, पण लोक भांडले तरी असते. मला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण हातात प्रसादाचा द्रोण, कपाळाला गंध आणि सगळे माझ्याकडे कौतुकाने बघतायत. म्हटलं, उद्या सांगू. सोमवारी कचेरीत काम निघालं. मंगळवारी वाकोल्याच्या नाक्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. गेलो तो शुक्रवारी. आता सांगून उपयोग नाही, हे मनाशी पक्कं झालं तेव्हाच माझे पाय वस्तीत शिरले. आणि गेल्यावर काय केलं? वच्छलाबाईंनी नव्या खिडकीसाठी मत विचारलं, तर पश्चिमेला ठेवा, वारा येईल, असं सांगून आलो.

तीन वर्षांनी घरं तोडली. लोकांना गोवंडीच्या पुढे आखून दिलेल्या चौकोनांत नेऊन सोडलं. वच्छलाबाईंना तिथून इस्पितळाची पाळी जमेना, त्या गावी परत गेल्या. शाळा मी त्या कचेरीत होतो तोवर तरी उभी राहिली नाही. जागेभोवती तारेचं कुंपण होतं, आत गवत.

मी वर्षभर धीर गोळा केला आणि गोवंडीला गेलो. तात्या खूप वाळले होते. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. आरक्षणाचा खरा अर्थ सांगितला. एकदाचं तोंडातून निघालं.

तात्या म्हणाले, “ता माका घरां तोडली तेव्हाच कळला.” मग विचारलं, “आमी उलटा समजलंव, ता तुमका तेव्हा ठाऊक होता?”

मी म्हणालो, “नाही, तात्या.”

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाले, इथली माणसं अजून तुम्हाला शिव्या देतात. मी त्यांच्याशी भांडतो. सगळ्यांना सांगतो, “सायब लबाड नाय रे, खुळो आसा!”

आणि मी, सोमवार ते गुरुवार चार दिवस पुरता शहाणा असलेला माणूस, मान डोलावून म्हणालो, “बरोबर सांगता, तात्या.”